इस्टेशनचा 'इ' कुठून आला?

नागपूरहून सुटलेली रेल्वे रामटेकला येऊन थांबते ती थांबतेच. पुढे रूळच नाहीत. डब्यात उरलेल्या सगळ्यांना इथेच उतरायचं असतं. गडावर रामाच्या दर्शनाला निघालेली मंडळी, खिंडसी तलावाची सहल ठरवून आलेली पोरं, देवलापारकडे घर असलेले गोंडी बोलणारे, सोयऱ्यांकडे निघालेले हिंदी बोलणारे पाहुणे. गाडीचा वेग कमी झाला की कान टवकारून बसा. कुणी म्हणेल, "चला, स्टेशन आलं." कुणी म्हणेल, "इस्टेशन आ गया, सामान उतारो." आणि पिशवी सांभाळत एखादी आजी नातीला म्हणेल, "टेसन आलं ना वं माय, ऊठ!" मनसरजवळच्या महामार्गावर ढाब्याशी एखादा पंजाबी ट्रकवाला भेटला, तर चौथा प्रकारही कानावर पडेल: "सटेशन".

इंग्रजी शब्द एकच, पण तोंडं चार आणि रूपंही चार.

आता खरं सांगा, यातल्या कोणत्या रूपाला तुम्हाला हसू आलं? पहिल्याला नाही. उरलेल्या तिघांपैकी एखाद्याला तरी आलंच असेल. वर्गात कुणी 'इस्कूल' म्हटलं की मागच्या बाकांवर खिदळणं सुरू होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मला त्या 'इ'चंही कुतूहल आहे आणि त्या हसण्याचंही. 'इ' तोंडात तयार होतो. हसू कुठे तयार होतं? आधी सोपा भाग घेऊ, तोंडाचा.

'स' म्हणा आणि लांबवा. सऽऽऽ. दम संपेपर्यंत लांबवता येतो. आता 'ट' लांबवून दाखवा. नाही ना जमत? 'ट'मध्ये जीभ हवेची वाट पूर्ण बंद करते आणि मग झटक्यात सोडते. आता गंमत अशी, की शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला बंद आवाजापासून सुरुवात करून मोकळ्या आवाजाकडे चढत जायला आवडतं. 'प्रेम' घ्या. 'प'ला ओठ बंद, 'र'ला थोडी वाट मोकळी, 'ए'ला तोंड पूर्ण मोकळं. सरळ चढण. 'स्टे'मध्ये मात्र आधी 'स' थोडा मोकळा, लगेच 'ट'ची कडी बंद, मग पुन्हा मोकळा स्वर. गडाच्या पायऱ्या चढताना मधेच एक पायरी खाली उतरणारी निघाली, तर पाय कसा अडखळेल? जिभेचं तसंच होतं.

मग ज्याची त्याची भाषा आपापला तोडगा काढते. हिंदी बोलणारे पुढे 'इ' लावतात: इस्-टे-शन. आता 'स' पहिल्या तुकड्याच्या शेवटी गेला आणि 'टे' मोकळा झाला. पंजाबी माणूस मधे 'अ' घालतो: स-टे-शन. आजी सरळ 'स'च गाळते. तिघांनीही एकच अडचण ओळखली आणि तिघांची उत्तरं वेगळी आली. यात आळस नाही, अडाणीपणा तर मुळीच नाही.

मग आपण मराठी बोलणारे 'स्टेशन', 'स्कूल' असं नीट कसं म्हणतो? स्त्री, स्पष्ट, स्थान असे संस्कृतातून उचललेले शब्द आपल्या कानावर सतत पडतात, म्हणून जिभेला सराव असतो. पण फार मान ताठ करू नका. मराठीच्या पूर्वजांनीही हेच केलं होतं. संस्कृतातल्या 'स्कंध'चा आपण खांदा केला, 'स्कंभ'चा खांब केला, 'स्थान'चं ठाणं केलं. जिभेला जड वाटणारा तो 'स' खुशाल गाळला. आजीने 'स्टेशन'चं 'टेसन' केलं, ते तरी वेगळं काय?

आणि जगात फिरून पाहा. लॅटिन भाषेत शाळेला 'स्कोला' म्हणत. स्पेनच्या लोकांना ते जड गेलं, त्यांनी पुढे 'ए' लावला आणि शाळा झाली 'एस्कुएला'. फ्रेंचांनीही आधी 'ए' लावला, मग पुढच्या पिढ्यांनी 'स' गिळला: 'एकोल'. आणि हंगेरीत? तिथे शाळेच्या दारावर पाटी असते, 'इश्कोला'. हो, इश्कोला! आपल्या 'इस्कूल'चा चुलतभाऊ. तो तिथे शब्दकोशात आहे, परीक्षेत लिहिला तर पूर्ण मार्क. तिथे 'इ' न लावता बोलणाराच वेंधळा ठरेल.

रामटेकच्या मतदारांनी १९८४ आणि १९८९ अशा दोन निवडणुकांत ज्यांना लोकसभेत पाठवलं, ते पी. व्ही. नरसिंह राव पुढे १९९१ मध्ये पंतप्रधान झाले. त्यांची मातृभाषा तेलुगू. मराठी इतकी चांगली, की हरी नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. त्यांना स्पॅनिशही येत असे. म्हणजे रामटेकच्या खासदारांना स्पॅनिश बोलताना शाळेला 'एस्कुएला' आणि स्टेशनला 'एस्तासिओन' म्हणावं लागत असणार. स्पॅनिशमध्ये तो 'ए' लावला की विद्वत्ता, आणि रेल्वेच्या डब्यात 'इ' लावला की खीखी! हा काय न्याय झाला?

बरं, जीभ चुकते असं आपण म्हणतो, पण जिभेच्या आधी कान असतो. आणि कानाची गोष्ट तर त्याहून भारी आहे.

'त' म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांना टेकलं. आता 'ट' म्हणा. टोक मागे वळलं आणि टाळूला लागलं. इंग्लंडमधला माणूस 'टेबल' म्हणतो तेव्हा त्याची जीभ या दोन्ही जागा सोडून मधे टेकते, दातांच्या मागच्या उंचवट्यावर. आपल्याकडे त्या जागेचं अक्षरच नाही. मग आपण जवळचा 'ट' वापरतो. जगात कुठेही भारतीय माणसाचं इंग्रजी ओळखू येतं, त्यात या वळलेल्या 'ट' आणि 'ड'चा वाटा मोठा आहे. रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे, १९९७ पासून. तिथे व्याकरण शिकणाऱ्या ताई-दादांना विचारा, ते पटकन सांगतील: क कंठ्य, च तालव्य, ट मूर्धन्य, त दंत्य, प ओष्ठ्य. आवाज तोंडात नेमका कुठे बनतो, याची ही यादी आपल्याकडच्या जुन्या वैयाकरणांनी केली. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या भाषापंडितांनी ती वाचली आणि तिच्याकडून बरंच शिकून घेतलं.

आता १९८४ मधला एक प्रयोग. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ हे कॅनडातले दोन शास्त्रज्ञ. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली तान्ही बाळं घेतली आणि त्यांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. बाळ काय सांगणार, फरक कळला की नाही? त्यासाठी युक्ती केली. एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजायचा, आणि तो बदलला की शेजारच्या पेटीतलं खेळणं उजळून हलायला लागायचं. बाळाला हे कळलं, की आवाज बदलताच ते खेळण्याकडे मान वळवायचं. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं बरोबर मान वळवत होती. ज्या भाषेचा एक शब्दही घरात कधी ऐकला नाही, तिच्यातला 'त-ट'चा फरक त्यांना ऐकू येत होता! दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना तो कळला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तर 'त' काय आणि 'ट' काय, दोन्ही सारखेच वाटत होते.

म्हणजे आपण जगातल्या कुठल्याही भाषेसाठी तयार कान घेऊन जन्मतो. पहिला वाढदिवस येईतो कान ठरवतो, की या घरात कोणते फरक कामाचे आहेत. बाकीच्यांकडे तो लक्ष देईनासा होतो. म्हणून साहेबाला 'ताक' आणि 'टाक' सारखंच ऐकू येतं. आणि आपल्याला? 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी, यांत आपली गडबड होते. त्याचं कारण तुमच्या शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व 'इ' आणि दीर्घ 'ई' यांत फारसा फरक करतच नाही. फरक फक्त लिहिताना पाळायचा असतो, म्हणून तर तो चुकतो. जो फरक मराठी बोलताना लागत नाही, तो इंग्रजी बोलताना अचानक कुठून आणणार?

सगळ्या भारतीयांचं इंग्रजी मात्र एकसारखं नसतं. रामटेकच्या बाजारातल्या पाट्या वाचत चाललात तर हे डोळ्यांनीही दिसेल. नागपूर हे १९५६ पर्यंत मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या एका मोठ्या प्रांताची राजधानी होतं, आणि इकडच्या पाट्यांवर आजही दोन्ही भाषांची वळणं भेटतात. मराठी वळण लिहितं 'बँक', हिंदी वळण 'बैंक'. मराठी 'डॉक्टर', हिंदीत 'डाक्टर' असंही. इंग्रजीतले ते पसरट आणि गोल स्वर मराठीने इतके आपलेसे केले, की 'ॲ' आणि 'ऑ' यांना महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेत रीतसर जागा दिली. 'झेरॉक्स' मराठी, 'जेरॉक्स' हिंदी. मला सगळ्यात आवडतो तो आपला 'व्ह'. इंग्रजीत दोन वेगवेगळे 'व' आहेत. 'वॉच'मधला ओठ गोल करून, 'व्हॅन'मधला वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. हिंदी दोन्हींसाठी 'व' लिहिते. मराठीने मात्र 'व'ला 'ह' जोडून दुसऱ्यासाठी नवी खूण बनवली: व्होट, व्हिडिओ, व्हायरस. बंगाली माणूस त्याच मताला 'भोट' म्हणतो. तेलुगू माणसाच्या तोंडी 'एम.ए.'चं 'यम्मे' होतं, कारण तेलुगूत शब्दाच्या सुरुवातीच्या 'ए'आधी हलकासा 'य' येतोच. प्रत्येकाच्या इंग्रजीत त्याची भाषा डोकावते, आणि थोडी सवय झाली की कुणाचं घर कुठलं हे ओळखताही येतं.

श्रीनगरमध्ये १९३२ साली जन्मलेले ब्रज काचरू नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकवत. त्यांनी आयुष्यभर हेच मांडलं, की भारताचं, नायजेरियाचं, सिंगापूरचं इंग्रजी म्हणजे इंग्लंडच्या इंग्रजीची बिघडलेली नक्कल नव्हे. ती आपापल्या नियमांनी चालणारी वेगवेगळी इंग्रजी आहेत. तेव्हा पुष्कळांना हे पटलं नव्हतं. आता त्यावर विद्यापीठांत अभ्यासक्रम आहेत.

तोंड झालं, कान झाला. आता ते हसू.

१९६० मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रिऑल शहरात वॉलेस लॅम्बर्ट यांनी एक चलाखी केली. त्या शहरात फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चालतात. दोन्ही भाषा अस्खलित बोलणारी काही माणसं त्यांनी शोधली. प्रत्येकाने एकच उतारा एकदा फ्रेंचमध्ये वाचला आणि एकदा इंग्रजीत. मग हे सगळे आवाज मिसळून लोकांना ऐकवले आणि विचारलं: हा माणूस कसा वाटतो? हुशार? भरवशाचा? देखणा? उंच? ऐकणाऱ्यांना वाटत होतं, की प्रत्येक आवाज वेगळ्या माणसाचा आहे. निकाल असा, की जो माणूस फ्रेंच बोलताना साधारण वाटला, तोच इंग्रजी बोलताना जास्त हुशार, जास्त भरवशाचा आणि चक्क जास्त उंच वाटला! आवाज ऐकून उंची? आणि याहून नवल म्हणजे, असं फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांनाच वाटलं नाही. ज्यांची स्वतःची भाषा फ्रेंच, त्यांनीही इंग्रजी आवाजांनाच जास्त गुण दिले. त्या शहरात तेव्हा मोठ्या नोकऱ्या आणि पैसा बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांकडे होता. लोक आवाजाला गुण देतोय असं समजत होते, आणि देत होते त्या पैशाला.

विदर्भातल्या मुलांना हे वेगळं समजावायला नको. नागपूरकडचा मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि सहज बोलून गेला, "मी जेवून राहिलो," की समोरचे हसतात. तेच मूल सुट्टीत घरी येतं आणि 'इस्कूल' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हसतं. हसणं असं एका पायरीवरून खालच्या पायरीवर जात राहतं.

शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कैसर यांचा २०१० मधला प्रयोग तर मला जरा घाबरवतो. त्यांनी लोकांना साधी वाक्यं ऐकवली. उदाहरणार्थ, जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्यावाचून राहू शकतो. आणि विचारलं, हे खरं वाटतं का? काही वाक्यं अमेरिकी वळणाने बोललेली होती, काही परदेशी वळणाने. परदेशी वळणाची वाक्यं लोकांना कमी खरी वाटली. बोलणारा फक्त लिहून दिलेलं वाचतोय, हे सांगूनसुद्धा! कारण असं दिसतं: सवय नसलेला उच्चार समजून घ्यायला मेंदूला थोडे जास्त कष्ट पडतात, आणि त्या कष्टांनाच तो 'काहीतरी खोटं आहे' असं समजून बसतो. बिचाऱ्या जिराफाचा यात काय दोष? आधीच सावध केलं, तेव्हा थोड्याशा परदेशी वळणाच्या बाबतीत लोकांनी स्वतःला सावरलं. फार जड वळण असलं तर मात्र तेही जमलं नाही.

मग शुद्ध इंग्रजी नक्की कोणाचं? नागपुरात ते आलं कसं, ते बघू. भोसल्यांचं राज्य अजून खालसा व्हायचं होतं तेव्हा, १८४५ च्या सुमारास, स्टीफन हिस्लॉप नावाचा मिशनरी नागपुरात आला आणि त्याने शाळा सुरू केली. १८६३ मध्ये पूर आलेला नाला ओलांडताना तो बुडून वारला. त्याने जमवलेली गोंड लोकांची माहिती आणि गाणी पुढे १८६६ मध्ये छापली गेली, आणि १८८३ मध्ये त्याच्या नावाने कॉलेज निघालं, ते नागपुरात आजही आहे. हा हिस्लॉप स्कॉटलंडचा. लंडनचा साहेब 'कार'मधला शेवटचा 'र' गिळतो, 'का' म्हणून थांबतो. स्कॉटलंडचे लोक तो 'र' खणखणीत म्हणतात, अगदी आपल्यासारखा. म्हणजे नागपूरच्या त्या पहिल्या मुलांनी गुरुजींच्या तोंडून ऐकलेलं इंग्रजी लंडनचं नसणार.

आणि स्कॉटलंडच्या या बोलण्याला लंडनमध्ये लोक नावं ठेवत. इतकी, की १७६१ मध्ये एडिंबराच्या बड्या बड्या मंडळींनी नीट इंग्रजी बोलण्याच्या शिकवणीला गर्दी केली. शिकवायला कोण होतं माहीत आहे? टॉमस शेरिडन नावाचा नट. आयर्लंडचा! त्याच्या देशातल्या लोकांच्या इंग्रजीलाही लंडनवाले तितकंच हसत. शिष्य स्कॉटिश, गुरू आयरिश आणि शिकायचं लंडनचं.

हे लंडनचं वेड पुढेही टिकलं. बीबीसी रेडिओवर कितीतरी वर्षं बातम्या एकाच घासून-पुसून घेतलेल्या वळणात वाचल्या जात. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली विल्फ्रेड पिकल्स हा यॉर्कशरचा माणूस बातम्या वाचू लागला, आणि शेवटी आपल्या गावाकडच्या पद्धतीने 'गुड नीट' म्हणाला. गुड नाइट नाही, गुड नीट. लोकांनी तक्रारींची पत्रं लिहिली. ऐन युद्धात! त्याच बीबीसीने २०१७ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या पिजिन या इंग्रजीतून घडलेल्या भाषेत बातम्या सुरू केल्या, आणि त्याच वर्षी मराठीतही.

बरं, 'र' गिळणं म्हणजे थोरामोठ्यांचं बोलणं, असं म्हणावं तर समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला जा. विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये तिथल्या तीन दुकानांत गुप्तहेरगिरी केली. एक दुकान महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं. आत जायचं आणि जी वस्तू चौथ्या मजल्यावर आहे हे आधीच माहीत आहे, ती कुठे मिळेल म्हणून विचारायचं. विक्रेता सांगणार, 'फोर्थ फ्लोर'. दोन 'र' आले! मग 'ऐकू आलं नाही' असं दाखवून पुन्हा म्हणायला लावायचं. बाहेर येऊन वहीत नोंद. महागड्या दुकानातले लोक 'र' सगळ्यात जास्त म्हणत होते आणि स्वस्तातल्या दुकानातले सगळ्यात कमी. लंडनमध्ये 'र' गिळला तर ऐट, न्यूयॉर्कमध्ये गिळला तर गरिबी. 'र' बिचारा तोच.

असाच एक 'र' आपल्याकडेही होता. सम्राट अशोक, इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक. मगधातल्या लोकांच्या बोलीत 'र'चा 'ल' होत असे. म्हणून पूर्वेकडच्या शिलालेखांत सम्राटाने स्वतःलाच 'लाजा' म्हणवून घेतलं आहे. राजा नव्हे, लाजा! पश्चिमेला गिरनारच्या खडकावर मात्र तिकडच्या लोकांना समजेल असं 'राजा' कोरलं आहे. साम्राज्याची राजधानी मगधात होती, तेव्हा 'लाजा'ला हसायची कुणाची हिंमत? मग सहा-सातशे वर्षं गेली. सत्ता बदलली. संस्कृत नाटकांत पात्राच्या पायरीप्रमाणे भाषा वाटून दिलेल्या असत. राजा संस्कृत बोलणार, राणी प्राकृत. आणि मगधाची ती 'ल'वाली बोली कोणाच्या वाट्याला? कालिदासाच्या 'शाकुंतला'तला मासे पकडणारा कोळी ती बोलतो. सम्राटाचं बोलणं गरीब कोळ्याच्या तोंडी गेलं, आणि नाटक बघणाऱ्यांना त्याची गंमत वाटू लागली. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं नागपूरच्या वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. गडावर कालिदासाचं स्मारकही आहे. तिथे गेलात तर त्या कोळ्याची आठवण काढा.

"मग काहीही कसंही बोललं तरी चालतं?" असं तुमच्या बाई विचारतील. योग्य प्रश्न आहे. माझं मत सांगतो. समोरच्याला जहाज हवं की मेंढी हेच कळलं नाही, तर ते बोलणं दुरुस्त करायलाच हवं, दोघांनी मिळून. पण कळलं, आणि तरी हसू आलं, तर दुरुस्तीची गरज हसणाऱ्याला आहे. या दोन गोष्टी मोठी माणसंही एकत्र करतात. कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना वर्षानुवर्षं स्वतःचं वळण पुसून टाकायला शिकवलं गेलं. २०२५ मध्ये तर टेलिपरफॉर्मन्स या मोठ्या कंपनीने असा संगणकी कार्यक्रम वापरायला घेतला, की भारतातला माणूस बोलत असतानाच त्याचं वळण बदलून पलीकडे पोचतं. कमाल आहे, यात शंका नाही. पण पलीकडच्या माणसाचा कान थोडा सवयीचा व्हावा, यासाठी कुणी यंत्र काढल्याचं मी ऐकलं नाही.

आता एक जागा अशी सांगतो, जिथे न समजणं खरोखर जिवावर बेतू शकतं. वर बघा. रामटेकवरून जी विमानं जातात, त्यांच्याशी जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष रेडिओवर इंग्रजीत बोलतो. वैमानिक जपानचा असेल, अरब असेल, ब्राझीलचा असेल. तिथे उच्चाराचे नियम ठरवले आहेत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने. ही संघटना, योगायोग बघा, मॉन्ट्रिऑललाच आहे. तिचा नियम सांगतो, की तीनला 'थ्री' म्हणू नका, 'ट्री' म्हणा. हजाराला 'थाउजंड' नको, 'टाउसंड' म्हणा. दातांत जीभ धरून म्हणायचा तो इंग्रजी आवाज जगातल्या फार भाषांत नाही, आणि खरखरत्या रेडिओवर तो विरून जातो. म्हणजे वर्गात ज्याला 'ट्री नाही रे, थ्री!' म्हणून टोकतात, तो आकाशात अगदी नियमाप्रमाणे बोलत असतो.

वैमानिकांच्या इंग्रजीच्या परीक्षेत सहा पातळ्या असतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी निदान चौथी लागते. सहावी सर्वांत वरची. तिच्या वर्णनात लिहिलं आहे, की उच्चारावर मातृभाषेची किंवा आपल्या भागाची छाप असली तरी हरकत नाही, समजायला अडचण जवळजवळ कधीच येता कामा नये.

त्याच नियमांत पाचला 'फाइव्ह' ऐवजी 'फाइफ' आणि नऊला 'नाइन' ऐवजी 'नाइनर' म्हणायला सांगितलं आहे. का बरं? उत्तर मी देत नाही, तुम्हीच काढा. घरातला कूलर पूर्ण वेगावर सोडा (विदर्भात मे महिन्यात तो वेगळा सोडावा लागत नाही). एकाने कूलरच्या या बाजूला उभं राहायचं, दुसऱ्याने पलीकडे, पाठमोरं. कधी 'फाइव्ह', कधी 'नाइन' असं वीस वेळा उलटसुलट म्हणा, पलीकडच्याने ऐकलं ते कागदावर लिहायचं. मग 'फाइफ' आणि 'नाइनर' घेऊन पुन्हा वीस वेळा. दोन्ही कागद शेजारी ठेवून चुका मोजा, आणि आजीलाही खेळायला बसवा.